स्वामित्वदर्शक सर्वनामे : इंग्रजीचा तास आणि मराठीचे व्याकरण

इंग्रजीतील 'माय', 'युअर', 'हिज', 'हर', 'इट्स', 'अवर' आणि 'देअर' हे सात शब्द शालेय जीवनाच्या आरंभीच मुलाच्या कानावर पडतात. पाठ्यपुस्तकात त्यांचा एक तक्ता असतो, त्यासमोर मराठी अर्थ दिलेले असतात आणि दोन-चार दिवसांत तो तक्ता पाठ होतो. इंग्रजीतील काळ, उपपदे किंवा शब्दयोगी अव्यये जशी अवघड मानली जातात, तसे हे शब्द कोणी अवघड मानीत नाही. तरीही मराठी माध्यमातून शिकून परभणी जिल्ह्यातील महाविद्यालयांत दाखल झालेल्या विद्यार्थ्याची इंग्रजी उत्तरपत्रिका वाचणाऱ्याला या सात शब्दांच्या चुका पदवीच्या अखेरच्या वर्षापर्यंत भेटत राहतात. झाडाच्या पानांविषयी लिहिताना विद्यार्थी 'हिज लीव्ह्ज' लिहितो, गोदावरीच्या पाण्याला 'हर वॉटर' म्हणतो, गुरुजींच्या पुस्तकाला 'देअर बुक' म्हणतो आणि स्वतःच्या वडिलांचा उल्लेख 'अवर फादर' असा करतो. परीक्षक लाल रेघ ओढतो आणि विद्यार्थ्याचे व्याकरण कच्चे आहे असा शेरा मारून पुढे जातो.

हा शेरा मुळातच तपासून पाहण्याजोगा आहे. वर दिलेल्या चारही चुका अज्ञानातून किंवा आळसातून झालेल्या नाहीत. त्यांतील प्रत्येक चुकीमागे एक नियम आहे, विद्यार्थ्याने तो बिनचूक पाळलेला आहे, फक्त तो नियम मराठीचा आहे. म्हणजे ज्याचे व्याकरण कच्चे ठरविले गेले त्याचे व्याकरण पक्के आहे. ते कोणते व्याकरण आहे हे त्याला कोणी सांगितलेले नाही. हे सांगण्याचे काम इंग्रजीच्या शिक्षकाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मराठीच्या शिक्षकाचे आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

१

प्रथम ही चूक कोणत्या विद्यार्थ्याकडून होते याचा विचार करणे आवश्यक आहे. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या शिक्षणात आणि कारभारात उर्दूचे वर्चस्व होते; १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभे राहिल्यावर परभणीची महाविद्यालये त्याला जोडली गेली. मराठीतून उच्च शिक्षणापर्यंत जाण्याची वाट या भागात अशी उशिरा मोकळी झाली. पुणे-मुंबईकडील घरांत इंग्रजी तीन-चार पिढ्या रुळली असताना जिंतूर, पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील बहुसंख्य घरांत इंग्रजी वाक्य लिहिणारी पहिली पिढी आज वर्गात बसलेली आहे. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यापूर्वी ते पाचवीपासून असे. इंग्रजीची वर्षे वाढली, पण ती शिकविण्याची रीत फारशी बदलली नाही.

या विद्यार्थ्याच्या घरची बोलीही येथे लक्षात घ्यावयास हवी. मराठवाड्यातील बोलींत 'माझा-तुझा' यांच्या जागी 'माहा-तुहा' किंवा 'मपला-तुपला' अशी रूपे ऐकू येतात. 'मपला' या रूपात 'आपला' मिसळलेला उघड दिसतो. 'माझा स्वतःचा' हा अर्थ त्यात एकाच शब्दात आलेला आहे. प्रमाणभाषेला त्यासाठी दोन शब्द लागतात आणि इंग्रजीलाही 'माय ओन' असे दोन शब्द वापरावे लागतात. शाळेत आल्यावर ही रूपे 'अशुद्ध' म्हणून खोडली जातात. म्हणजे या मुलाला इंग्रजीच्या दारात पोहोचण्यापूर्वीच एक उंबरठा ओलांडावा लागतो आणि त्या उंबरठ्यावर त्याला आपल्या भाषेविषयी पहिला न्यूनगंड मिळतो. पुढे इंग्रजीच्या तासाला त्यात भरच पडते.

२

आता चुकांकडे वळता येईल. मराठीतील 'त्याची बहीण' आणि 'तिचा भाऊ' ही दोन रूपे पाहिली तर एका शब्दात दोन सूचना असल्याचे दिसते. 'त्या-' आणि 'ति-' हे मूळ धन्याविषयी सांगते, तर '-चा, -ची, -चे' हा शेवट धनाविषयी सांगतो. मूळ धन्याकडे पाहते आणि शेवट धनाकडे पाहतो. म्हणूनच एका 'माय' या शब्दासमोर मराठीला माझा, माझी, माझे, माझ्या अशी रूपे ठेवावी लागतात. इंग्रजी शब्द फक्त धन्याकडे पाहतो. वस्तू एक असो की अनेक, पुल्लिंगी असो की स्त्रीलिंगी, तो बदलत नाही. या अंगाने पाहिले तर इंग्रजीची व्यवस्था सोपी आहे आणि मराठी विद्यार्थ्याला येथे काही गाळावयाचे आहे, नवे काही मिळवावयाचे नाही. वर्गात हे एवढेच सांगितले तरी त्याची भीती निम्म्याने कमी होईल.

अडचण धन्याच्या बाजूला आहे. मराठीत लिंग शब्दाला असते. झाड नपुंसकलिंगी आहे आणि 'तो' व 'ते' या दोहोंचे षष्ठीचे मूळ 'त्या-' हे एकच आहे. म्हणून 'झाड आणि त्याची पाने' असे म्हणताना मराठी मनाला पुरुष आणि वस्तू यांच्यात भेद करावा लागत नाही. 'त्याची' म्हणजे 'हिज' हे तक्त्यात पाठ झालेले असते. मग झाडाची पाने 'हिज लीव्ह्ज' होतात. नदी स्त्रीलिंगी, म्हणून 'तिचे पाणी' आणि त्यावरून 'हर वॉटर'. इंग्रजीत लिंग सामान्यतः प्रत्यक्ष प्राणिमात्राला असते, शब्दाला नसते. वस्तूला 'इट्स' लागते. कृषी महाविद्यालयात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. परभणीच्या कृषी विद्यापीठात मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी कपाशी, तूर, सोयाबीन यांविषयी इंग्रजीतून लिहितो, तेव्हा पिकाला आणि किडीला तो स्त्री-पुरुष करून टाकतो. त्याला पीक उत्तम कळलेले असते. सर्वनामाने मात्र त्याचे हसे होते.

या ठिकाणी इंग्रजीचा स्वतःचा इतिहासही विद्यार्थ्याच्या मदतीला येऊ शकतो. 'इट्स' हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागला. त्यापूर्वी निर्जीव वस्तूसाठीही 'हिज' वापरले जाई आणि १६११ सालच्या सुप्रसिद्ध बायबल-भाषांतरात झाडाच्या फळाला 'हिज' असेच म्हटलेले आहे. जिंतूरचा विद्यार्थी आज जी चूक करतो ती चारशे वर्षांपूर्वी इंग्रजीत चूक नव्हती. एवढे ज्ञान वर्गात दिले गेले तर भाषेचे नियम आकाशातून पडलेले नसून काळाच्या ओघात घडलेले असतात, याची जाणीव विद्यार्थ्याला होईल.

तिसरी चूक आदराची आहे. मराठीत आदरार्थी बहुवचन अनिवार्य आहे. गुरुजी, वडील, डॉक्टर, सरपंच यांच्याविषयी 'त्यांचा' हेच रूप येते; 'त्याचा' म्हटले तर उद्धटपणा होतो. शिवाय 'त्यांचा' या रूपात स्त्री-पुरुष भेद नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी इंग्रजीत निबंध लिहिताना विद्यार्थी 'देअर बुक्स' लिहितो, तेव्हा एका थोर पुरुषाचा उल्लेख एकवचनात करण्यास त्याचे संस्कार आड येतात. त्याला 'हिज' लिहावयास लावताना इंग्रजीत आदर वचनातून व्यक्त होत नाही हे सांगितले पाहिजे. अन्यथा त्याने एक शब्द दुरुस्त केला तरी त्याच्या मनातील खटका तसाच राहतो.

चौथी चूक 'अवर फादर' ही होय. खेड्यातील घरात 'माझे घर' असे कोणी सहसा म्हणत नाही. 'आमचे घर', 'आमचे बाबा', 'आमच्याकडे' असेच बोलले जाते. शेताविषयीही तेच. सातबाऱ्यावर नाव एकाचे असले तरी बोलण्यात शेत 'आमचे' असते. पत्नी पतीचा उल्लेख 'आमचे हे' असा करते आणि त्यात बहुवचनाचा लवलेश नसतो. कुटुंब हा बोलण्याचा कर्ता मानण्याची ही पद्धत आहे. इंग्रजीत ती जशीच्या तशी नेली तर वाक्य विचित्र वाटते, ही गोष्ट खरी. पण तिच्यामागे एक समाजरचना आहे आणि ती कळल्याशिवाय लाल रेघेचा अर्थ लागत नाही.

३

येथवर इंग्रजीपाशी असलेल्या आणि मराठीपाशी नसलेल्या भेदांचा विचार झाला. याउलट काही भेद मराठीपाशी आहेत आणि इंग्रजीपाशी नाहीत. त्यांचा उल्लेख इंग्रजीच्या तासाला कधीच होत नाही.

'आमचा' आणि 'आपला' या दोन्हींसाठी इंग्रजीत 'अवर' हा एकच शब्द आहे. ऐकणाऱ्याला वगळून बोलावयाचे असेल तर 'आमचा' आणि त्याला सामावून घ्यावयाचे असेल तर 'आपला'. 'आमचे गाव' म्हणणारा माणूस समोरच्याला पाहुणा ठरवितो. 'आपले गाव' म्हणणारा त्याला गावकरी करून घेतो. निवडणुकीच्या सभेत वक्ता 'आमच्या'वरून 'आपल्या'वर केव्हा येतो हे परभणीच्या श्रोत्याला नेमके कळते. हा भेद तेलुगूत आहे, गुजरातीतही आहे, इंग्रजीत नाही.

दुसरा भेद याहून महत्त्वाचा. 'भावाने भावाला त्याच्या हिश्श्याचा कागद दाखविला' आणि 'भावाने भावाला आपल्या हिश्श्याचा कागद दाखविला' या दोन वाक्यांतील अंतर मराठी माणसाला लगेच कळते. दुसऱ्या वाक्यातील 'आपल्या' हा शब्द कर्त्याकडेच परततो. हिस्सा दाखविणाऱ्याचा आहे याविषयी संशय राहत नाही. पहिल्या वाक्यात तो सामान्यतः दुसऱ्या भावाचा ठरतो. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी 'हिज' येते आणि हिस्सा कोणाचा हे वाक्यावरून ठरत नाही. ते ठरविण्यासाठी 'ओन' जोडावे लागते किंवा वाक्यच फिरवावे लागते. हा भेद केवळ व्याकरणाच्या पुस्तकापुरता नाही. राज्यघटनेच्या ३४८व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतून चालते. परभणी जिल्ह्यातील वाटणीचा दावा औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, येथील खंडपीठासमोर जातो तेव्हा मराठीतील जबान्या आणि कागदपत्रे इंग्रजीत भाषांतरित करावी लागतात. भाषांतर करणाऱ्याला 'आपल्या' आणि 'त्याच्या' यांतील अंतर ठाऊक नसेल तर दोन्हींचे 'हिज' होईल आणि मूळ जबानीत जे स्पष्ट होते ते भाषांतरात संदिग्ध होईल. एका सर्वनामात एका कुटुंबाची जमीन गुंतलेली असू शकते.

तिसरा भेद अनुक्त स्वामित्वाचा आहे. मराठीत 'त्याने हात धुतले', 'तिने डोळे मिटले', 'मुलाने दप्तर उचलले' असे म्हटले की हात, डोळे आणि दप्तर कोणाचे हे वेगळे सांगावे लागत नाही. इंग्रजीला तेथे 'हिज' किंवा 'हर' लागतेच. मराठी विद्यार्थी ते गाळतो आणि चूक ठरतो. त्याचप्रमाणे 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे पैसे आहेत', 'माझ्याजवळ पेन आहे' या तीन वाक्यांत मराठी नाते, मालकी आणि सान्निध्य यांची वेगळी मांडणी करते. इंग्रजी तिन्हींना 'हॅव' या एका क्रियापदात बसविते.

४

मग हे सारे शिकवावयाचे कोणत्या परिभाषेत, असा प्रश्न येतो. इंग्रजीच्या शालेय पुस्तकात 'माय' आणि 'माइन' या दोन्हींना बहुधा 'पझेसिव्ह प्रोनाउन' या एकाच नावाखाली ठेवलेले असते. विद्यार्थ्याला दोन्हींचा अर्थ 'माझे' असा दिलेला असतो आणि तो 'धिस बुक इज माय' असे लिहून मोकळा होतो. वास्तविक इंग्रजी व्याकरणकारांतही या शब्दांच्या जातीविषयी एकमत नव्हते. लिंडली मरे यांच्या १७९५ सालच्या व्याकरणात हे शब्द विशेषणात्मक सर्वनामांत येतात, तर क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या १९८५ सालच्या बृहद्‌व्याकरणात 'माय'सारख्या शब्दांचा विचार निर्धारक म्हणून केलेला आहे.

मराठी व्याकरणपरंपरेने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवलेले आहे. १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले. १९११ साली मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध झाले. या परंपरेत षष्ठ्यन्त रूप विशेषणाप्रमाणे चालते ही गोष्ट चर्चिली गेली आणि शालेय व्याकरणातही 'माझा, तुझा, त्याचा' यांना सर्वनामांच्या प्रकारांत न घालता सार्वनामिक विशेषण म्हटले जाते. त्याच शालेय व्याकरणात विशेषणाचे अधिविशेषण आणि विधिविशेषण असे दोन उपयोगही शिकविले जातात: नामाच्या आधी येणारे अधिविशेषण आणि नामानंतर येऊन विधान करणारे विधिविशेषण. 'माझे पुस्तक' येथे 'माझे' हे अधिविशेषण आहे. 'हे पुस्तक माझे' येथे ते विधिविशेषण आहे. इंग्रजीत पहिल्या जागी 'माय' येते आणि दुसऱ्या जागी 'माइन'. मराठीत दोन्ही जागांचे रूप एकच राहते, इंग्रजीत बहुतेक ठिकाणी ते बदलते. 'हिज' तेवढे मराठीप्रमाणे दोन्हीकडे सारखे राहते. 'माझे हरवले, तुझे दे' या वाक्यात विशेषण नामाचे काम करते आणि तेथेही इंग्रजीत 'माइन' व 'युअर्स' येतात. जो विद्यार्थी मराठीच्या तासाला हे दोन उपयोग समजून शिकला, त्याला 'माय' आणि 'माइन' यांचा भेद पाच मिनिटांत कळावा.

तो कळत नाही, कारण मराठीच्या तासालाही हे समजून शिकविले जात नाही. व्याकरण हा आज स्पर्धा परीक्षेचा विषय झालेला आहे. पोलीस भरतीची तयारी करणारा तरुण सार्वनामिक विशेषणांची यादी तोंडपाठ म्हणतो, चार पर्यायांतून एकावर खूण करतो आणि त्या ज्ञानाचा आपल्या बोलण्याशी किंवा आपल्या इंग्रजीशी काही संबंध आहे याची त्याला कल्पनाही नसते. विद्यापीठांतील मराठी विभागांनीही व्याकरणाकडे दीर्घकाळ दुय्यम विषय म्हणूनच पाहिले. साहित्यप्रकार, प्रवाह आणि वाङ्मयेतिहास यांच्या अभ्यासपत्रिकांत व्याकरणाच्या वाट्याला एखादा कोपरा येतो आणि त्या कोपऱ्यातून शिकून बाहेर पडलेला पदवीधर शाळेत शिक्षक होतो. हे वर्तुळ असेच फिरत राहते.

'स्वामित्वदर्शक' या संज्ञेचाही येथे पुनर्विचार व्हावयास हवा. 'माझी शाळा', 'माझी गाडी चुकली', 'माझा देश' यांत मालकी कोठेच नाही. पाणिनीने षष्ठीचा अर्थ 'शेष' असा सांगितला. अन्य कारकांत न बसणारे सारे संबंध त्यात येतात. मराठी शालेय व्याकरणही षष्ठीचा अर्थ 'संबंध' असाच देते. गंगाखेडच्या जनाबाईंच्या नाममुद्रेत नामदेवांचे नाव षष्ठीत येते. त्या षष्ठीचे भाषांतर मालकीच्या अर्थाने केले तर एक दासी आणि तिचा धनी एवढेच शिल्लक राहील. भक्तीचे, घराचे आणि परंपरेचे जे नाते त्या प्रत्ययाने बांधलेले आहे ते सुटून जाईल. 'संबंधी सर्वनाम' ही संज्ञा 'जो-जी-जे' यांसाठी रूढ असल्याने ती येथे घेता येणार नाही. परंतु 'सर्वनामांची षष्ठीची रूपे' असे साधे नाव घेऊन इंग्रजीचा हा पाठ शिकविता येईल.

५

या भूमिकेवर एक आक्षेप अपेक्षित आहे. इंग्रजी ही इंग्रजीतूनच शिकविली पाहिजे, मातृभाषेचा आधार घेतल्यास भाषांतराची सवय लागते, असे अनेक इंग्रजीचे अध्यापक मानतात. संभाषणकेंद्रित अध्यापनपद्धतीचा पुरस्कारही याच दिशेने होतो. या आक्षेपात तथ्य आहे ते एवढेच, की तासभर मराठीत बोलून इंग्रजी येत नाही. परंतु ज्याच्या घरी, गल्लीत आणि बाजारात इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नाही, त्याला केवळ ऐकून 'हिज' आणि 'इट्स' यांतील भेद उमगेल ही अपेक्षा शहरातील सुस्थित घर गृहीत धरणारी आहे. रॉबर्ट लॅडो यांनी १९५७ साली दोन भाषांच्या रचनांची तुलना अध्यापनाचा पाया मानली. सर्वच चुका मातृभाषेमुळे होतात हे त्यांच्या अनुयायांचे मत पुढे टिकले नाही. पण पिट कॉर्डर यांनी १९६७ साली विद्यार्थ्याची चूक ही त्याच्या अंतर्गत नियमव्यवस्थेचा पुरावा असते असे मांडले, ते मत आजही विचारार्ह आहे. चूक ही अशी वाचण्याची गोष्ट आहे. मराठी न जाणणाऱ्याला किंवा मराठीच्या व्याकरणाचा विचारच न केलेल्याला ती वाचता येणार नाही.

दुसरा एक परिणाम अधिक चिंताजनक आहे. इंग्रजीच्या दडपणाखाली मराठीची षष्ठीही बदलू लागली आहे. भाषांतरित गद्यात, जाहिरातींत आणि वृत्तपत्री मजकुरात 'तिने तिचे डोळे मिटले', 'त्याने त्याच्या खिशातून त्याचा रुमाल काढला' अशी वाक्ये सर्रास दिसतात. येथे सर्वनामाची गरज नव्हती आणि असलीच तर 'आपल्या' हा शब्द होता. 'त्याने त्याच्या' या रचनेत तो आणि हा एकच की दोन, हा संशय इंग्रजीतून मराठीत आयात झालेला आहे. जो भेद इंग्रजीपाशी नाही आणि मराठीपाशी आहे, तोच मराठी माणूस टाकून देऊ लागला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि ठिकठिकाणी त्याचे स्वागत झाले. भाषेच्या प्राचीनत्वाचा अभिमान योग्यच आहे. परंतु 'आपला' हा एक शब्द नेमका कोठे वापरावा हे पुढच्या पिढीला कळले नाही, तर त्या दर्जाचा उपयोग मर्यादितच राहील.

उपाय फार खर्चाचे नाहीत. महाविद्यालयातील मराठी आणि इंग्रजी विभागांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी काही तास एकत्र घ्यावेत; 'माझे' आणि 'माय' एकाच फळ्यावर शेजारी लिहावेत. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतील चुका, नावे वगळून, दोन्ही विभागांनी एकत्र वाचाव्यात आणि प्रत्येक चुकीपुढे तिच्यामागचा मराठी नियम लिहावा. 'माहा', 'तुहा', 'मपला' या रूपांना खोडण्यापूर्वी त्यांची रचना वर्गात समजून घ्यावी. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात तौलनिक व्याकरणाला एक स्वतंत्र पत्रिका असावी आणि भाषांतराच्या अभ्यासात न्यायालयीन कागदपत्रांचा समावेश व्हावा. यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी नव्या इमारतीची किंवा यंत्राची गरज नाही.

इंग्रजीला एकेकाळी वाघिणीचे दूध म्हटले गेले. ते पचविण्यासाठी आधी घरचे दूध पचलेले असावे लागते, ही गोष्ट मात्र कोणी फारशी सांगितली नाही. परभणीच्या विद्यार्थ्याने इंग्रजी बिनचूक लिहावे ही अपेक्षा योग्य आहे. त्याच्या नोकरीचा, उच्च शिक्षणाचा आणि न्यायाचाही प्रश्न तिच्याशी जोडलेला आहे. परंतु त्याने 'हिज'च्या जागी 'इट्स' लिहावे असे वाटत असेल, तर त्याने 'हिज' का लिहिले हे आधी त्याच्या शिक्षकाला ठाऊक असावयास हवे. ते उत्तर मराठीच्या व्याकरणात आहे आणि ते शोधून वर्गात नेण्याची जबाबदारी मराठीच्या अभ्यासकांची आहे.